एसएनएलची पन्नाशी : आपण हसलो, म्हणून दोषी आपण?

पैलतीर

रविवारी, १६ फेब्रुवारी २०२५ ला, 'सॅटरडे नाइट लाइव्ह'चा (एसएनएल) पन्नाशीचा विशेष भाग झाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निर्माता लॉर्न मायकल्सने ११ ऑक्टोबर १९७५ ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू केलेला हा विनोदी स्किट्सचा, म्हणजे छोट्या नाटुकल्यांचा, कार्यक्रम आजही न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्लाझामधल्या त्याच ८एच स्टुडिओतून शनिवारी रात्री साडेअकराला थेट दाखवला जातो. पन्नाशीसाठी मात्र रविवारची संध्याकाळ निवडली होती आणि भाग तीन तासांहून जास्त चालला.

बरंच काही मनापासून आवडलं. पॉल सायमनने सब्रिना कार्पेंटरबरोबर जे गाणं गायलं, तेच त्याने १९७६ मध्ये याच कार्यक्रमात जॉर्ज हॅरिसनबरोबर गायलं होतं. त्र्याऐंशी वर्षांच्या त्या थकलेल्या आवाजाने भरून आलं. कार्यक्रमाच्या माजी कलाकारांपैकी एडी मर्फीने खुद्द ट्रेसी मॉर्गनच्या समोर त्याची हुबेहूब नक्कल केली, तीही अफाट.

मग टॉम हँक्स गंभीर चेहऱ्याने आला. आपण गमावलेल्यांचं स्मरण करू या, म्हणाला. वाटलं, आता कार्यक्रमाच्या दिवंगत कलाकारांची, म्हणजे जॉन बेलुशी, गिल्डा रॅडनर, क्रिस फार्ली, नॉर्म मॅक्डोनल्ड यांची छायाचित्रं येणार. निघालं भलतंच. आज बघवत नाहीत अशा जुन्या स्किट्सना ती श्रद्धांजली होती. इतर वंशांच्या लोकांची सोंगं, त्यांचे टोप, त्यांचे उच्चार, बायकांच्या छळावरचे विनोद, सगळ्याचे तुकडे भराभर दाखवले. आणि शेवटी हँक्स म्हणतो, हे वाईट होतं खरं, पण तुम्ही सगळे हसलात ना? मग बहिष्कार घालायचाच तर तो तुम्हा प्रेक्षकांवर नको का?

स्टुडिओत हशा पिकला. मला ते अतिशय खटकलं. पन्नास वर्षं लिहिलं तुम्ही, निवडलं तुम्ही, पैसे मिळवले तुम्ही. हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा बिल आमच्या टेबलावर? एवढी मोठी संधी होती, आणि ती चलाखीत घालवली असं माझं ठाम मत आहे.

मध्यरात्र

पूर्ण असहमत. तीन तासांतला सगळ्यांत धारदार प्रकार तोच होता.

ते तुकडे दाखवायला त्यांना कोणीही भाग पाडलं नव्हतं. वर्धापनदिनाला सगळे आपले चांगले फोटो काढतात. इथे एक वाहिनी स्वतःच्या कपाटातली लाज स्वतः बाहेर काढते, मथळे देऊन, कोट्यवधी लोकांसमोर, आणि तेही देशातल्या सर्वांत लोकप्रिय नटाच्या तोंडून. हँक्सचं ते शेवटचं वाक्य म्हणजे कार्यक्रमाची भूमिका नव्हे. जबाबदारी झटकणाऱ्या माणसाचं ते सोंग आहे, आणि विनोद त्या झटकण्यावरच आहे.

त्याऐवजी हात जोडून माफीनामा वाचला असता तर काय झालं असतं? कंपन्यांच्या जनसंपर्क विभागाकडून येतं तसलं एक पत्रक. विनोदी कार्यक्रमाने आपली चूक विनोदातूनच मान्य करावी. त्याला दुसरी भाषा येत नाही आणि येऊही नये.

शिवाय प्रेक्षकांना यातून वगळता येतं का? थेट कार्यक्रम आहे. शनिवारी रात्री आठच्या सुमाराला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते, तिथे ज्या स्किटला हशा मिळत नाही ते साडेअकराच्या आत कापलं जातं. म्हणजे जे प्रक्षेपित झालं ते आधी कोणाच्या तरी हशाने पास केलेलं होतं. हे कटू आहे, पण खोटं नाही.

हडसनकाठी

मध्यरात्र, 'तुम्ही सगळे हसलात' यातले 'सगळे' कोण, एवढंच मला विचारायचं आहे.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलं इथल्या शाळेत वाढली. टीव्हीवर भारतीय माणूस म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागचा किंवा फोनवरचा, मान हलवत बोलणारा, हे त्यांच्या वर्गातल्या मुलांना पाठ होतं, आणि मधल्या सुट्टीत ते उच्चार आमच्या मुलांवर वापरून पाहिले जायचे. हे या एका कार्यक्रमामुळे झालं असं मी म्हणत नाही. तेव्हाचा सगळा अमेरिकन टीव्हीच तसा होता. पण ज्यांची नक्कल होत होती ते घराघरांत गप्प बसून बघत होते. ते हसले नव्हते. तालमीला ८एचमध्ये बसलेल्या लोकांत ते किती असतील?

हँक्सच्या त्या वाक्यात आम्हालाही गुन्हेगारांच्या रांगेत उभं केलं गेलं. सोंग म्हणून असेल, तरी ज्याच्यावर ते सोंग वठवलं त्याला विचारून बघा.

तिसरी_घंटा

हडसनकाठी यांचा मुद्दा लाखमोलाचा आहे. मी हौशी रंगभूमीवर काम करते, म्हणून त्यात थोडी भर.

या भागामुळे असा समज पसरतोय की वंशाबद्दलचे विनोद तेवढे जुने होऊन सडले. तसं मुळीच नाही. १३ डिसेंबर १९७५ चा भाग बघा. पहिलाच हंगाम, पाहुणा सूत्रधार कृष्णवर्णीय विनोदवीर रिचर्ड प्रायर. कार्यक्रमातला गोरा नट चेव्ही चेस त्याची नोकरीसाठी मुलाखत घेतो: मी एक शब्द म्हणतो, तुझ्या मनात पहिला येईल तो शब्द तू सांग. साध्या शब्दांपासून सुरुवात होते आणि हळूहळू एकेक वर्णद्वेषी शिवी यायला लागते. प्रायरचा चेहरा बदलत जातो. आजच्या वाहिनीवर उच्चारता येणार नाहीत असे शब्द आहेत त्यात, पण ते स्किट आजही अंगावर काटा आणतं, आणि हसवतंही. कारण ते प्रायरसाठी कृष्णवर्णीय लेखक पॉल मूनीने लिहिलं होतं, म्हणजे त्या शिव्या ज्याने ऐकल्या होत्या त्याने. त्याच पन्नास वर्षांत गोऱ्या नटांनी टोप चढवून केलेली सोंगं मात्र फोलपटासारखी उडून गेली.

काळाला दोष देऊन मोकळं होता येत नाही. लेखकांच्या खोलीत कोण बसलं होतं, तो प्रश्न आहे. आणि नेमका तोच प्रश्न हँक्सने प्रेक्षकांकडे ढकलला.

मध्यरात्र

प्रायरचं स्किट मलाही सर्वोत्तम वाटतं, त्यावर वाद नाही. पण कार्यक्रम तिथेच अडकून राहिला असं चित्र रंगवू नका. २१ जानेवारी २०१७ ला, ट्रम्प यांच्या शपथविधीच्या दुसऱ्याच रात्री, सूत्रधार अझीझ अन्सारी होता. भारतीय वंशाच्या माणसाने तिथे उभं राहून देशाशी सरळ बोलणं ही छोटी गोष्ट नव्हती. कृष्णवर्णीय नट केनन थॉम्पसन २००३ पासून तिथे आहे, इतका दीर्घ काळ दुसरा कोणताही कलाकार टिकलेला नाही. बदल झालाय. विशेष भाग हा उत्सव असतो, चौकशी आयोग नव्हे.

गोदाकाठ

नाशिकहून लिहितो. आपल्याकडे तेव्हा सोमवारचे सकाळचे साडेसहा, त्यामुळे नंतर तुकड्यातुकड्यांत पाहिलं. माझी तक्रार वेगळी आहे: पाहुणे फार. मेरिल स्ट्रीप, रॉबर्ट डी नीरो, पेड्रो पास्कल, यादी संपेना. ज्यांनी वर्षानुवर्षं आठवड्याला आठवडा जोडून हा डोलारा उभा केला त्यांतल्या कित्येकांना एखादं वाक्य मिळालं, कोणाला तेही नाही. चाळिशीचा भाग २०१५ मध्ये २ कोटी ३१ लाख लोकांनी पाहिला होता, या वेळी आकडा १ कोटी ४८ लाख. टीव्ही बघणंच कमी झालंय हे मान्य, पण नुसती तारकांची गर्दी लोकांना ओढत नाही हेही त्यातून दिसतं.

आणि पैलतीर, खऱ्या मृतांचं स्मरण झालंच नाही असं म्हणू नका. पहिल्या संचातल्या गॅरेट मॉरिसने ओळख करून देऊन १९७८ चा तो कृष्णधवल लघुपट दाखवला. म्हाताऱ्याच्या वेशातला जॉन बेलुशी बर्फातून चालत आपल्या सहकाऱ्यांच्या थडग्यांपाशी येतो. सगळ्यांना वाटायचं मी पहिला जाईन, म्हणतो, आणि त्यांच्या थडग्यांवर नाचतो. प्रत्यक्षात चारच वर्षांनी, १९८२ मध्ये, तो गेला, तेहतिसाव्या वर्षी. त्यांच्यातला पहिला तोच. ॲडम सँडलरच्या गाण्यात फार्ली आणि नॉर्म होते. त्याच संचातल्या जेन कर्टिन आणि लरेन न्यूमन यांनी निरोपाच्या वेळी गिल्डाचा फोटो हातात धरला होता. आणखी काय हवं?

पैलतीर

गोदाकाठ, बेलुशीचा लघुपट रात्रीतला सर्वोच्च क्षण होता, शंभर टक्के मान्य. पण तुम्ही गिल्डाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. २० मे १९८९ ला ती गेली, त्याच रात्री भागाचा सूत्रधार स्टीव्ह मार्टिन होता. ठरलेलं विनोदी स्वगत त्याने बाजूला ठेवलं आणि १९७८ मध्ये त्या दोघांनी केलेल्या नृत्याचं स्किट दाखवलं. बोलताना त्याचा आवाज फुटला होता. म्हणजे या कार्यक्रमाला गंभीर होता येतं. विनोदी कार्यक्रमाला दुसरी भाषा येत नाही, हे मध्यरात्र यांचं म्हणणं त्या एका रात्रीने खोडून काढलंय.

आणि आयरिश गायिका शिनेड ओकॉनर. ३ ऑक्टोबर १९९२ ला तिने याच मंचावर, चर्चमधल्या बालशोषणाचा निषेध म्हणून पोपचं छायाचित्र फाडलं. पुढच्याच आठवड्यात सूत्रधार असलेल्या नट जो पेशीने ते चिकटवलेलं छायाचित्र दाखवून तिला थोबाडीत दिली असती असं म्हटलं, आणि लोक हसले, टाळ्या वाजल्या. आयर्लंडमधल्या चौकशी अहवालांनी नंतर जे उघड केलं त्यावरून बरोबर कोण होतं ते जगाला कळलं. २०२३ मध्ये ती गेली. या वेळी गायिका मायली सायरसने शिनेडचं जगभर गाजलेलं गाणं गायलं, सुंदर गायलं. त्या रात्रीबद्दल दोन सरळ वाक्यं बोलली असती तर मी हँक्सचं सगळं माफ केलं असतं.

मध्यरात्र

ते गाणं मुळात गायक प्रिन्सचं आहे, आणि प्रिन्सचंही या कार्यक्रमाशी जुनं नातं होतं. शिनेडचा प्रसंग तर जानेवारीत आलेल्या, संगीतकार क्वेस्टलव्हने केलेल्या, कार्यक्रमाच्या संगीतावरच्या माहितीपटात आहे. लपवलेलं नाही.

१९८९ ची गोष्ट मात्र मला अडवते. पण तिथे मार्टिनच्या हृदयातलं माणूस गेलं होतं. तो शोक होता. जुन्या स्किट्सबद्दल शोक कसा करणार? तिथे शरमच वाटू शकते, आणि शरम सांगायला मला आजही विनोदच योग्य वाटतो.

तिसरी_घंटा

मध्यरात्र, मग 'ब्लॅक जेपर्डी'चं बघा. तिथे मला या भागाचं खरं दुखणं दिसलं. कृष्णवर्णीय स्पर्धकांच्या प्रश्नमंजूषेचं ते स्किट, केनन थॉम्पसन तिचा सूत्रसंचालक. २२ ऑक्टोबर २०१६ ला, निवडणुकीच्या तोंडावर, हँक्स त्यात ट्रम्प समर्थकांची लाल टोपी घालून डग नावाचा स्पर्धक बनून आला होता. सगळ्यांना वाटलं याची टर उडणार. पण बाकीच्या दोघींची आणि त्याची उत्तरं जुळायला लागतात, लॉटरी, सरकारवरचा अविश्वास, रोजच्या तंगीतल्या सवयी. केनन हस्तांदोलनाला पुढे येतो, डग आधी दचकून मागे सरतो, मग हात देतो. शेवटच्या प्रश्नाला पुन्हा दरी उघडते. गोरा आणि काळा, दोघांनाही माणूस म्हणून पाहणारं इतकं नेमकं लेखन टीव्हीवर क्वचित झालंय. ते मायकल चे आणि ब्रायन टकर यांनी लिहिलं होतं, एक कृष्णवर्णीय, एक गोरा.

पन्नाशीच्या भागात डग परत आला, पण ओझरता. टोपी राहिली, दचकलेला हात राहिला, जुळणारी उत्तरं गेली. ट्रम्प समर्थक चिडले, आणि या वेळी मला त्यांचा राग समजला. २०१६ मध्ये त्या माणसाला दिलेली इज्जत या वेळी वेळेअभावी काढून घेतली गेली. तीन तासांत पाहुण्यांना मिनिटं होती, त्याला नव्हती.

हडसनकाठी

तिसरी_घंटा, हे वाचून २०१६ चं ते स्किट मुलांना दाखवलं. थोरला म्हणाला, असं आपल्यावर कोणीतरी लिहायला हवं. अन्सारी एका रात्रीपुरता सूत्रधार होता, मध्यरात्र. लेखकांच्या टेबलाशी रोज बसणारा माणूस वेगळा, आणि मी त्याची वाट बघतेय. तोवर 'तुम्ही सगळे' या शब्दांत आम्हाला धरू नये.

मध्यरात्र

तुमच्या थोरल्याशी मी सहमत आहे. हँक्सच्या स्किटबद्दल अजूनही नाही.