मदत हवी आहे: एच-टेस्टमध्ये बल जास्त, पण कॉर्ड कोरी निघते. कोणतं कंपाउंड धरावं?

नमस्कार मंडळी,

टायर-बेल्टच्या कामातल्या जाणकारांची मदत हवी आहे. टायरच्या कारकाससाठी (आतल्या सांगाड्यासाठी) दोन कंपाउंडं, म्हणजे रबराची मिश्रणं, पॉलिस्टर कॉर्डला (टायरला बळकटी देणाऱ्या पिळाच्या दोरीला) किती घट्ट धरतात ते तपासतो आहे. कॉर्ड १५०० डेनिअरची (डेनिअर हे सुताच्या जाडीचं माप), दोन पदरी, रबर चिकटावं म्हणून आधी इपॉक्सीचा प्री-डिप आणि वर आरएफएलचा (रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड-लॅटेक्सचा) डिप. चाचणी एएसटीएम डी ४७७६ ची (एएसटीएम ही मानकं ठरवणारी संस्था), म्हणजेच एच-टेस्ट: कॉर्डची दोन्ही टोकं रबराच्या ठोकळ्यांत, मधला भाग उघडा. क्युअर झालेला (उष्णतेने पक्का झालेला) एच आकाराचा नमुना टेन्साइल मशीनवर ओढायचा. रबरात रुतलेली लांबी साधारण ६.४ मिमी.

'अ' कंपाउंड सरासरी १६० न्यूटन देतं, 'ब' १३०. आकड्यावर जायचं तर 'अ' पास. पण उपसलेली कॉर्ड भिंगाखाली धरली की माझा जीव अडतो. 'अ'ची कॉर्ड जवळजवळ कोरी, डिपचा तपकिरी रंग स्वच्छ दिसतो. ठोकळ्यातलं भोक गुळगुळीत आणि आतून कॉर्डच्या पिळाचा ठसा जसाच्या तसा. 'ब'च्या कॉर्डला मात्र चहूबाजूंनी काळं रबर चिकटलेलं, भोक फाटून खडबडीत झालेलं.

'अ'मध्ये कार्बन ब्लॅक जास्त आहे, त्यामुळे ते बरंच ताठर आहे. बाकी पॉलिमर, सल्फर, डिप, मोल्ड, ओढण्याचा वेग सगळं सारखं. अहवालात एकच आकडा मागितला जातो, पण टायर रस्त्यावर धावणार आहे, त्यामुळे मला हे असंच पुढे पाठवायचं नाही. खरी पकड कोणाची समजावी?

प्रतिसाद:

तुमची शंका रास्त आहे. मशीन दाखवतं ते कॉर्ड उपसायला लागलेलं बल, आणि त्यात रबराचा ताठरपणाही मिसळलेला असतो. ताण सगळ्या रुतलेल्या लांबीवर सारखा वाटला जात नाही. तो कॉर्ड ठोकळ्यात शिरते त्या तोंडाशी एकवटतो, तिथे तडा सुरू होतो आणि आत सरकत जातो. अॅक्रन विद्यापीठातल्या ए. एन. जेंट यांनी हे तडा जाण्याच्या ऊर्जेच्या भाषेत मांडलं. ढोबळमानाने बलाचा वर्ग हा रबराचा मॉड्युलस (ताठरपणाचं माप) गुणिले ती ऊर्जा, याच्या प्रमाणात जातो.

आता तुमचेच आकडे घ्या. १६० भागिले १३० म्हणजे १.२३, त्याचा वर्ग साधारण १.५. 'अ'चा मॉड्युलस 'ब'च्या दीडपट असेल तर तीस न्यूटनचा सगळा फरक ताठरपणातच संपला, पकडीच्या वाट्याला काही उरलं नाही. शिवाय 'ब'मध्ये रबर फाटलं आहे, रबर-कॉर्डचा सांधा सुटलेला नाही. म्हणजे तिथली पकड मोजलेल्या ऊर्जेइतकी तरी आहेच, कदाचित जास्त. 'अ'मध्ये सांध्यानेच हार मानली. हिशोबाला कमी ताणावरचा मॉड्युलस घ्या, ३०० टक्के ताणावरचा नको. आणि सूत्र ढोबळ आहे, दिशा कळण्यापुरतंच वापरा.

प्रतिसाद:

वरच्याशी सहमत. भर एवढीच की खोलीच्या तापमानावर थांबू नका. टायर चालताना तापतो, आणि गरम नमुन्यांत सांध्याचा कच्चेपणा लवकर उघडा पडतो. उष्णतेत मुरवलेले नमुनेही ओढा, पण त्यासोबत नुसत्या कॉर्डची ताकदही तपासा. सल्फेनामाइड ॲक्सिलरेटरमधून (क्युअरचा वेग वाढवणाऱ्या रसायनातून) सुटणारी अमाइनं पॉलिस्टरला खातात, मग कॉर्डच तुटते आणि आपण दोष पकडीला देत बसतो.

'अ' किती लवकर क्युअर व्हायला लागतं तेही पाहा. कॉर्डच्या पृष्ठभागावर नीट पसरून भिनायच्या आधीच रबर आवळलं तर नेमकी अशी कोरी कॉर्ड निघते. डिप केलेली कॉर्ड उघडी पडली होती का? ऊन, ओझोन आणि दमट हवा आरएफएलचा थर मारतात, म्हणून ती काळ्या प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवतात. एच-टेस्टच्या जोडीला डी ४३९३ ची पट्टी सोलण्याची चाचणी घ्या, तिथे सांधा लांबवर उलगडून दिसतो.

धागाकर्ता:

मनापासून आभार. कमी ताणावरचा मॉड्युलस काढला, 'अ' दीडपटीच्याही वर आहे. कॉर्ड दोन्हींसाठी एकाच बंद रिळातली होती, त्यामुळे तो मुद्दा निकालात. गरम चाचणी लावतो. एक अडचण उरते: कॉर्डवर किती टक्के रबर राहिलं याचे गुण दोन माणसं वेगवेगळे देतात. ते अहवालात कसं टिकणार?

प्रतिसाद:

कोऱ्या कॉर्डपासून पूर्ण झाकलेल्या कॉर्डपर्यंत नमुन्यांचे फोटो एकदा ठरवून भिंतीवर लावा. गुण देताना तोच दिवा, तेच भिंग, आणि कंपाउंडचं नाव झाकलेलं. दोघांनी स्वतंत्र गुण द्यावेत, तफावत मोठी आली तर तिसऱ्याला दाखवावं. अहवालात बलाच्या शेजारीच टक्क्यांचा रकाना ठेवा आणि खाली दोन्ही कॉर्डचे फोटो जोडा.