प्रतिसाद: सायक्लोहेक्झीन गढूळ का येतं?

सायक्लोहेक्झॅनॉल या अल्कोहोलमधून आम्लाने पाणी काढून केलेलं सायक्लोहेक्झीन दुसऱ्या डिस्टिलेशनलाही (उकळून वाफ पुन्हा थंड केल्यावरही) गढूळ येतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दोष आम्लाचा नाही, घाईचा आहे. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल घेतलंत तेच बरं. सल्फ्युरिकने फ्लास्कमध्ये काळा राडा होतो, वर सल्फर डायऑक्साइडचा वास.

गोम पाण्यात आहे. शुद्ध सायक्लोहेक्झीन ८३ अंशांना उकळतं, पण पाण्यासोबत जोडीने ७१ च्या आसपासच निघून येतं. म्हणजे ओला माल कितीही वेळा डिस्टिल करा, पाणी मागे राहत नाही, बरोबरच येतं. सोडियम कार्बोनेटने आम्ल मारा, मिठाच्या पाण्याने धुवा आणि मग पाणी शोषणाऱ्या निर्जल कॅल्शियम क्लोराइडच्या खड्यांवर चांगलं पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ते उरलंसुरलं अल्कोहोलही थोडंफार धरून ठेवतं. खडे तळाला चिकटून गोळा झाले तर अजून घाला. द्रव काचेसारखा नितळ दिसला की गाळून घ्या आणि मगच पुन्हा डिस्टिल करा, खडे फ्लास्कमध्ये जाऊ देऊ नका.

एमएस्सीला मी कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारी नळी, ओलाच लावला होता. सगळी सुकवणी पाण्यात! ८१ ते ८३ दरम्यानचंच वेगळं गोळा करा. आणि हो, बर्नर नको, हीटिंग मँटल (ज्योतीविना तापवणारी विजेची शेगडी) वापरा. हे पेट्रोलसारखं पेटतं.