'शाकाहारी झाला' की 'माळ घातली'?

आंबेहळद: आहाराच्या एका प्रश्नावलीचं मराठी करतेय. 'जन्मापासून शाकाहारी' सोपं गेलं. आधी खायचे आणि मग सोडलं, त्यांच्यासाठी 'शाकाहारी झालेले' लिहिलं. साताऱ्याकडची आत्या म्हणाली, "असं कोण बोलतं? माळ घातली म्हण." पण डॉक्टरांनी बंद करायला लावलं किंवा कोंबडी कापताना बघवलं नाही, अशांना माळकरी कसं म्हणू?

टाळकुटा: म्हणूच नका. तुळशीची माळ घेतली की एकादशी आली, पंढरीची वारी आली. मांस-मद्य सोडणं हा त्यातला एक नेम.

बारामतीकर: ते खरं, पण जत्रेच्या जेवणाला "माळकरी हिकडं बसा" अशी हाक येते तेव्हा गळा कोण तपासतंय? आमच्या चुलत्यांनी मूळव्याधीपायी सोडलं. माळ नाही, तरी बसतात त्याच पंगतीत.

तिरफळ: आमच्याकडे 'शिवराक'. पण तो जास्त करून जेवणाला. सोमवारी शिवराक, मंगळवारी परत बांगडो. माझ्या मते 'श्रावक'वरून आलाय, जैन गृहस्थ तो श्रावक. पुरावा मागू नये.

निरुक्तप्रेमी: सोमवार शिवाचा, इतकं सरळ असताना श्रावक कशाला ओढता?

तिरफळ: मग 'राक' कुठून आला ते सांगा.

शुद्धमती: 'निरामिष' असताना बोलीत का शिरायचं? आमिष म्हणजे मांस. 'निरामिष आहार स्वीकारलेले' लिहावं.

बारामतीकर: आमच्याकडे आमिष निवडणुकीत दाखवतात.

कोलकात्याची सून: आणि बंगालीत निरामिष म्हटलं की कांदा-लसूणही बाद. आमच्या आजेसासूबाई मसूरसुद्धा त्यातच धरायच्या. माझ्या कांदा घातलेल्या बटाट्याच्या भाजीला मी निरामिष म्हटलं, तर घरात हसू पिकलं.

शुद्धमती: बंगालीचं बंगालीपाशी. नसेल शब्द तर घडवावा. 'वीगन' नाही का डोनाल्ड वॉटसन मंडळींनी 1944 साली घडवला? 'आहारत्यागी' कसा वाटतो?

टाळकुटा: उपाशी वाटतो.

आंबेहळद: मंडळी, नुसतं 'सोडलेले' लिहिलं तर?

बारामतीकर: "त्यानं सोडलंय" म्हटलं की ऐकणारा दारूच समजतो. मटणाचं नाव मात्र कुणी घेत नाही. "तुम्ही खाता का?" एवढंच विचारतात, आणि भात-भाकरी खाणारा माणूस खुशाल "नाही खात" म्हणतो. फारच झालं तर "वशाट चालत नाही".

निरुक्तप्रेमी: वशाट हा 'वसा'वरून असणार. वसा म्हणजे चरबी.

तिरफळ: आमची आजी अंड्याच्या बशीलाही वशाट म्हणायची. बशीत कुठली चरबी?

निरुक्तप्रेमी: तो वास झाला. वशाट वास वेगळा, वशाट खाणं वेगळं.

टाळकुटा: वेगळं कसं? वासावरूनच खाण्याला नाव पडलं असेल.

आंबेहळद: प्रश्नावली उद्या द्यायचीय हो.

निरुक्तप्रेमी: एक मिनिट. वासाचाच तो 'हिंवस' शब्द, तोही त्याच घरातला तर नसेल?