क्लोन अर्ध्यावर तुटत असेल तर
पावसात मोठी रेपो (गिट या कोडचे बदल सांभाळणाऱ्या साधनात ठेवलेला प्रकल्प, इतिहासासकट) क्लोन करताना, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवताना, ती दर वेळी अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते, अशी अनेकांची तक्रार असते. वेंगुर्ल्यात आमचीही तीच कथा. तारेवर झावळी पडली की वीज जाते, पाठोपाठ रेंज. पण नुसता इंटरनेटचा प्लॅन बदलून भागणार नाही. गिट क्लोनला तुटलेल्या जागेवरून पुढे जाता येत नाही, अर्धवट आलेलं सगळं ते पुसून टाकतं.

म्हणून आधी क्लोनला 'डेप्थ १' हा पर्याय देऊन फक्त शेवटची कमिट (कोडची नोंदवलेली अवस्था) ओढा. लगेच कामाला लागता येतं. मग फेच (सर्व्हरवरून उरलेलं ओढणारी गिटची आज्ञा) करताना 'डीपन ५००' असं देत इतिहास टप्प्याटप्प्याने आणा; एखादा टप्पा तुटला तरी आधीचे शाबूत राहतात. शेवटी 'अनशॅलो' दिलं की उरलेला सगळा इतिहास येतो. एक मात्र लक्षात ठेवा, डेप्थ दिलं की एकच ब्रँच (कोडची शाखा) येते. सगळ्या हव्या असतील तर सोबत 'नो सिंगल ब्रँच' द्या. (हे कळेपर्यंत माझी एक संध्याकाळ ब्रँच शोधण्यात गेली.)

आयएसओसारखी (पूर्ण डिस्कची प्रत असलेली) एकच मोठी फाईल असेल तर डब्ल्यूगेटला (फाईल उतरवणाऱ्या आज्ञेला) 'कंटिन्यू' द्या. सर्व्हरची साथ असेल तर उरलेलंच उतरतं.

आणि राउटरला छोटा यूपीएस लावाच.