मदत हवी आहे: 4 वर्षांच्या मुलीच्या डोळ्यासाठी दुसरा सल्ला

नमस्कार मंडळी, आम्ही फोंड्याला राहतो. चित्रं रंगवताना लेकीचा डावा डोळा नाकाकडे वळतो; चतुर्थीच्या फोटोंत पहिल्यांदा लक्षात आलं. डॉक्टरांनी थेंब घालून नंबर काढला, प्लसचा चष्मा दिला, चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर रोज 2 तास पट्टी सांगितली. पट्टी लावली की ती भिंत चाचपडत चालते, माझा पदर सोडत नाही. बघवत नाही हो. आता 3 महिन्यांतच ऑपरेशन म्हणतात. नजर सुधारायला 7-8 वर्षांपर्यंत जास्त वाव असतो, त्यामुळे वेळ दवडायचा नाही, पण दुसरं मत घेतल्याशिवाय मन धजत नाही.

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) लहान मुलांचा तिरळेपणा कुणी दाखवलाय का? की सरळ बेळगाव गाठू? नुसत्या चष्म्याने कुणाच्या मुलाचा डोळा सरळ झाला असेल तर जरूर कळवा.