सोलारिस: बोगद्यांपर्यंत पोचले, पुढे बघू का?

फिजिक्सच्या_बाई, नाशिक

तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, पण सायन्स फिक्शन सिनेमे पाहिले ते मुलांच्या नादाने, तेही अर्धवट. आता रिटायर झालेय म्हटल्यावर भाच्याने यादीच पाठवली. पहिलंच नाव 'सोलारिस', १९७२, दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की. मोसफिल्म या रशियन स्टुडिओने स्वतःच यूट्यूबवर ठेवलाय. शनिवारी ओटा आवरून साडेनवाला बसले.

वाटलं होतं रॉकेट दिसेल. दिसलं तळं. पाण्याखाली शेवाळ हलतंय, हलतंय, हलतंय. क्रिस केल्व्हिन नावाचा मानसशास्त्रज्ञ काठावर उभा राहून ते बघतोय. मग घोडा. मग पाऊस. सगळे आत पळतात, हा बाबा हलायला तयार नाही. टेबलावर चहाचा कप, त्यात पावसाचं पाणी पडतंय. माझा जीव वरखाली, अरे कप तरी उचल!

त्यानंतर बर्टन नावाचा निवृत्त वैमानिक गाडीतून शहरात जातो. बोगदा, उड्डाणपूल, परत बोगदा. संवाद जवळजवळ नाहीच. रशियात जपानी पाट्या कशा, हा विचार करता करता डोळा लागला. जाग आली तेव्हा एक माणूस एका बाईच्या पाठीवरची नाडी कात्रीने कापत होता. मी टीव्ही बंद केला.

पुढे बघण्यासारखं आहे का? आणि अंतराळस्थानकावर हे लोक गच्चीवर फिरावं तसे चालतात कसे?

कट्ट्यावरचा_बंड्या

दीडपट वेगाने लावा. मी सगळं तसंच बघतो. हा मात्र तरीही बघून झाला नाही.

रीळवेडा

बंड्या, तू श्रीखंडसुद्धा स्ट्रॉने पीत असशील.

बाई, ते बोगदे टोकियोचे. भविष्यातलं शहर दाखवायचं होतं, तर तारकोव्हस्कीने सेट उभारण्याऐवजी तिथले रस्तेच चित्रित केले. पाट्या तशाच राहिल्या. मूळ कादंबरी पोलंडच्या स्तानिस्वाव लेमची, १९६१ची. तीत पृथ्वीवरचं हे घर नाहीच, केल्व्हिन सुरुवातीलाच स्थानकाकडे निघालेला असतो. तळं, घोडा, वडील, सगळं सिनेमावाल्याच्या घरचं. लेमला सिनेमा आवडला नव्हता, त्याचं एक कारण हेच.

गंमत म्हणजे रॉकेटच्या प्रवासाला जेमतेम दोन-तीन मिनिटं दिलीत. केल्व्हिन विचारतो, निघायचं कधी? उत्तर येतं, निघालायस की. झालं उड्डाण!

नाडीचं म्हणाल तर त्यात चावट काही नाही. त्या पोशाखाला उघडायला जागाच नाही, नाडी नुसती वरून दिसायला आहे. असा पोशाख कोण शिवेल? थोडं मागे जाऊन बघा. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर मात्र नाही. एका प्रसंगात तीस सेकंद वजन जातं, तेवढंच.

दर्यावर्दी_दापोली

मी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. हा सिनेमा टँकरवर केबिनमध्ये बघितला, तीन रात्री लागल्या. तळं बघताना मीही कंटाळलो होतो. पण स्थानकावर पोचल्यावर एक छोटी गोष्ट येते, ती चुकवू नका. स्नाउट नावाचा शास्त्रज्ञ केल्व्हिनला सांगतो, हवा येते तिथे कागदाच्या पट्ट्या चिकटव, रात्री पानं सळसळल्यासारखी वाटतात. तिथलाच दुसरा शास्त्रज्ञ सार्टोरियस या प्रकाराला हसला होता म्हणे, पण त्यानेही कपाटात लपवून लावलेल्या असतात.

मी तिथेच सिनेमा थांबवला. आमच्या घरामागे नारळी-पोफळीची वाडी आहे. जहाजावर रात्री वर ब्लोअर आणि खाली इंजिन, तिसरा आवाज नाही. पाठकोऱ्या चेकलिस्टच्या पट्ट्या कापल्या, सेलोटेपने ब्लोअरला लावल्या. फिटरने विचारलं, काय हे सेकंडसाब? म्हटलं हवा नीट येते का बघतोय. खरं सांगायची लाज वाटली. झावळीचा आवाज येत नाही, तो जाड असतो. पिंपळासारखा येतो. चार महिने तोच ऐकला.

रीळवेडा

दर्यावर्दी, हे वाचून माझं सगळं ज्ञान खोडावंसं वाटतंय.

फिजिक्सच्या_बाई, नाशिक

रविवारी दुपारी पुन्हा पहिल्यापासून लावला, चहा घेऊन. पावणेतीन तास, झोप नाही.

रीळवेडा, नाडीचं कळलं. केल्व्हिनची बायको हारी दहा वर्षांपूर्वी गेलेली. स्थानकाखाली सोलारिस ग्रह, त्यावरचा तो समुद्र त्याच्या आठवणीतून तिला पुन्हा घडवतो, आणि याला नाडी आठवते, फट आठवत नाही. मी आईची नऊवारी आठवून बघितली. काठ हिरवा, हे पक्कं. पदरावर काय होतं ते येईना. बहिणीला फोन केला, तीही गप्प.

तीस सेकंदांचा प्रसंग सुंदर आहे, मेणबत्तीदान आणि पुस्तक तरंगत जातात. पण बाकी वेळ पाय जमिनीला कसे, याचे मार्क मी कापलेत. शेवटी पाऊस कुठे पडतो ते लिहीत नाही, बंड्याचा बघायचा राहिलाय. एवढंच सांगते की मला तो कप आठवला.

पट्ट्या आधी पंख्याला लावल्या, पंखा भिरकावून देतो. मग कूलरच्या जाळीला लावल्या. काल रात्री आमचे हे दोनदा उठले, खिडकी उघडी राहिली का बघायला.