सेकंडहँड एटीव्ही (जाड टायरची, हँडलवाली चार चाकी रानातली गाडी) घ्यावी का? पाटणच्या डोंगरातल्या चिखलासाठी (आणि जमलं तर एकदा बर्फात)

मोरणाकाठ:
राम राम मंडळी. आमचं रान मोरणा खोऱ्यात गावाच्या वरच्या अंगाला आहे, रस्ता म्हणजे नुसता नावाला, जून लागला की दिवाळीपर्यंत सगळा राडा, त्यात मधी एक ओढा. वर जनावरं असतात, रोज दूध खाली आणायचं, खताची पोती आणि पेंड वर न्यायची. ट्रॅक्टर चढतो पण बांधावरनं वळत नाय आणि बाईक गेल्या पावसाळ्यात दोनदा माझ्यासकट ओढ्यात झोपली. आता पाचगणीकडच्या एका रिसॉर्टवाल्याकडं पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० विकायला आहे, साडेतीन लाख सांगतोय, फोटोत एकदम चकाचक दिसतीय, किलोमीटर पण कमी. दुसरी एक चायनीज पाचशे सीसीवाली गोव्याकडं आहे, ती दोनच्या आत मिळतीय. घ्यायची का, घ्यायची तर बघायचं काय? आणि मित्रांचं डोक्यात आहे की जानेवारीत पिकअपमधी टाकून हिमाचलला बर्फात न्यायची, ते कितपत खरं? कॅनडात कॅलगरीला आमच्या ओळखीचे एकजण म्हणतात तिकडं जुन्या ढिगानं मिळतात, तिथनं मागवता येईल का? ज्यांनी वापरलीय त्यांनीच सांगा, यूट्यूब बघून मी पण सांगू शकतो.

तासगावचा मेस्त्री:
आधी एक सांगतो, फोटोत चकाचक आहे म्हणूनच मला भ्या वाटतं. असल्या गाडीचं वय किलोमीटरवर कळतच नाय. मीटरमधी तास पण दिसतात, ते बघा आणि किलोमीटरला तासानं भागा. सरासरी दहाच्या खाली आली तर समजायचं गाडी एकतर नुसती उभी घुरघुरत होती नायतर बोजा घेऊन लो गियरमधी रांगत होती. रिसॉर्टची गाडी बहुतेक तसलीच असते, दिवसभर नवीन माणूस बसणार, प्रत्येकजण ब्रेक दाबून रेस देणार, किलोमीटर वाढत नाय पण बेल्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकाकडं नेणाऱ्या रबरी पट्ट्याचा, जीव जातो.

जायचं ते सकाळी, आणि आधी फोन करून सांगायचं की इंजिन चालू करू नका. पोचल्यावर सायलेन्सरला हात लावून बघा, कोमट लागला तर का गरम केली ते विचारा. मग सीट काढा, एअरबॉक्स म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा उघडा. प्रेशरचं पाणी मारून वरनं कोणतीही गाडी चमकवता येते पण एअरबॉक्सच्या आत कोण धुत नाय. फिल्टरच्या पलीकडं, म्हणजे इंजिनच्या बाजूला बोट फिरवा, माती लागली तर तिथनंच राम राम करून परत या, ती माती पिस्टनपर्यंत गेलेली असणार. रेडिएटर पुढं असतो, त्याच्या जाळीत वाळलेला चिखल बघा आणि गाडी उभ्या उभ्या चालू ठेवून पंखा सुरू होतोय का बघा, घाई करू नका, पंखा लागेपर्यंत थांबायचं. डोंगरात लो गियरमधी वारा लागत नाय, सगळा भार त्या पंख्यावर.

तेलं तीन ठिकाणी बघायची. इंजिनचं डिपस्टिकवर, मग पुढच्या डिफरन्शियलचं (पुढच्या दोन चाकांना ताकद देणारा गियरचा डबा) आणि मागच्या गियरकेसचं. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं की आत पाणी गेलंय. ओढ्यात गाडी बुडवलेली असली की ब्रीदर पाइपातनं (हवा जायची नळी) पाणी आत ओढलं जातं, गियरचं गरम हौसिंग एकदम गार होतं ना म्हणून. मालक म्हणणार बाहेरनं आलं असंल, ऐकायचं नाय.

बेल्टचं कव्हर उघडायला सांगा, चार-सहा बोल्ट असतात, काय मोठं काम नाय. बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्यात का, एका जागी खपलाय का बघा. एका जागी खपलेला असला तर सुटताना गाडी धप धप करते. नवीन बेल्ट टाकून पण भागत नाय कधी कधी, बेल्ट ज्यावर फिरतो त्या क्लचच्या पुल्या पण तेवढ्याच घासलेल्या असतात आणि तो खर्च बेल्टच्या कितीतरी पट.

बाकी जॅक लावून चारी चाकं वर-खाली हलवा, बॉल जॉइंट आणि बेरिंगचा खेळ हाताला कळतो. एक्सलचे रबरी बूट फाटलेत का बघा आणि हँडल पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आली तर एक्सल गेला. ए-आर्म, म्हणजे चाकाला धरणारे दांडे, जिथं फ्रेमला बसतात तिथं वेल्डिंग केलेलं दिसलं तर गाडी कुठंतरी आदळलीय. वायरिंगला जागोजागी चिकटपट्टी असली तरी मला नको. चायनीजबद्दल बोलायचं तर गाडी वाईटच असती असं नाय, पण घेण्याआधी बेल्ट, व्हील बेरिंग आणि एक्सलचा बूट कुठं मिळतो ते फोन करून विचारा, पार्ट किती दिवसात येतो ते कळल्याशिवाय किंमतीवर बोलायचंच नाय.

सज्जनगडाखाली:
मेस्त्री गाडीचं बोलले, मी कागदाचं बोलतो कारण इथं निम्मे लोक तिथंच फसतात. एटीव्ही म्हणजे आपल्याकडं बहुतेक नुसती खेळायची गाडी म्हणून विकलेली असते, आरसी नाय, नंबर नाय, रस्त्यावर काढली की आरटीओ उचलणार आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स शून्य. २०१९ ला पोलारिसनं ५७० ची ट्रॅक्टर म्हणून रजिस्टर होणारी गाडी काढली होती, तेव्हा आठ लाखाच्या आसपास होती. तुझा रिसॉर्टवाला ती विकतोय का साधी, ते आरसी बघून ठरव, तोंडी नको. साधी असली तर फक्त खाजगी रानात चालवायची आणि तुझा रस्ता जर ग्रामपंचायतीचा असला तर तेवढा तुकडा पण अडचणीचा, हे डोक्यात ठेव. आरसी नसली तरी मूळ बिल आणि चेसिस नंबर जुळवून घे, चोरीची निघाली तर गाडी पण जाईल आणि हेलपाटे पण तुलाच.

दुसरं म्हणजे जंगल. पाटण-जावळीकडं कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. तिथं असली गाडी घालणं म्हणजे सरळ वन्यजीव कायद्याची केस. कासवर तर विचारच करू नको, २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलंय ते, आणि त्या सड्यावर मातीचा थर असतो वीतभर पण नाय, एकदा टायर फिरला की फुलं यायची नाय तिथं. दरवर्षी कोणीतरी पुण्यावरनं येऊन रील काढतोय आणि मग आपल्या सगळ्यांच्या नावानं बोंब.

काळं रान वाळवा:
एक प्रश्न विचारू का, एटीव्हीच कशाला? साडेतीन लाखात जुनी फोर बाय फोर जीप नायतर जिप्सी येते की. छप्पर असतं, चार माणसं बसतात, गावातला कुठला पण मेस्त्री उघडतो. ५७० च्या रॅकवर पुढं चाळीस आणि मागं ऐंशी-ब्याऐंशी किलो एवढीच परवानगी, म्हणजे खताची दोन पोती झाली की संपलं. बाकी सगळं ट्रॉलीत घालायला लागणार, आणि उतारावर बिनब्रेकची ट्रॉली मागनं ढकलायला लागली की काय होतं ते उसाच्या रानात ट्रॅक्टरवर बघितलेल्यांना सांगायला नको.

तासगावचा मेस्त्री:
@काळं रान, बोजाचं बरोबर आहे तुमचं, पण जिप्सी हजार किलोच्या घरात, ही सव्वातीनशे. राड्यात वजनच बुडवतं. जिप्सी अडकली की ट्रॅक्टर बोलवायला लागतो, ही अडकली की विंच (गाडीवरचं दोर ओढायचं यंत्र) नायतर तीन माणसं. आणि बांधावरनं जायचं म्हणतायत ते, जीप बांधावर मावणार कशी?

माती पण बघायला लागते. तुमच्या वाळव्याची काळी माती टायरच्या खाचेत गच्च बसते, टायर गोल गुळगुळीत होतो, मग फोर बाय फोर असून पण जागेवर फिरत बसणार. तिथं खोल आणि लांब लांब खाचांचा चिखलाचा टायर पायजे, जो फिरताना माती झटकतो. मोरणेकडं वर तांबडी माती आणि जांभा दगड, तिथं चिखल वाहून जातो पण जांभ्याची धार टायरची बाजू कापते. त्यामुळं तिकडं सहा प्लायचा (सहा थरांचा) साधा ऑल टेरेन टायर बरा. हवा पाच ते सात पीएसआय, जास्त भरली की उड्या मारते. पोरं मोठे टायर टाकतात दिसायला भारी म्हणून, पण कंपनीच्या क्लचवर मोठा टायर म्हणजे बेल्ट जळायला आमंत्रण. फोटोतल्या गाडीला मोठे टायर आहेत का ते पण बघा.

मोरणाकाठ:
टायर कंपनीचेच दिसतायत. ओढ्याचं काय, पावसात मांडीपर्यंत पाणी येतं कधी कधी.

तासगावचा मेस्त्री:
मग त्या दिवशी चालत जायचं. पाय ठेवायच्या पट्टीच्या वर पाणी गेलं की गाडी घालायची नाय, कंपनीचं मॅन्युअल पण तेच सांगतं. बेल्ट भिजला की इंजिन बोंबलणार आणि चाक हलणार नाय. भिजलाच तर कव्हरचा ड्रेन प्लग उघडून पाणी काढायचं आणि न्यूट्रलमधी थोडा वेळ रेस देऊन वाळवायचा. बेल्टची कटकटच नको असली तर होंडाच्या फोरमन-रँचरमधी बेल्ट नसतोच, गियर असतात, चिखलाला लय भारी, पण आपल्याकडं जुनी मिळणार कुठं आणि पार्ट देणार कोण.

कराडचा, सध्या कॅलगरीत:
मी तिकडचं सांगतो. इथनं मागवायचा नाद सोडा. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाय, त्यात ड्यूटी आणि टेस्टिंग, सगळं धरून तिथल्या नव्याच्या वर जाईल. इथं स्वस्त मिळतात त्या दहा-पंधरा वर्षं जुन्या असतात, त्या तर बसतच नाहीत नियमात.

बर्फाचं म्हणाल तर एटीव्ही बर्फात चालते हे अर्धं खरं. इकडं अल्बर्टात (कॅलगरी ज्या प्रांतात आहे तो) लोक पुढं फाळ लावून दारातला बर्फ ढकलायला वापरतात, तुडवलेल्या वाटेवर चालवतात, शिकारीला जातात. पण ताजा भुसभुशीत बर्फ गाडीच्या पोटाच्या वर असला की खेळ संपला. ५७० चं पोट जमिनीपासून अकरा इंचांवर, त्याच्या वर बर्फ आला की पोट टेकतं आणि चारी चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. पुढं जायचं तर चाकं काढून रबरी ट्रॅक (रणगाड्यासारखे पट्टे) बसवतात, त्याचा खर्च तुमच्या त्या गाडीएवढा, आणि ट्रॅक ओढून बेल्ट-बेरिंगला जो मार बसतो तो वेगळा. साध्या चाकाला साखळ्या लावता येतात, गोठलेल्या वाटेवर त्याचा खरंच उपयोग होतो, पण साखळी सुटली तर ब्रेकच्या पाइपला मारते म्हणून सारखी ताणून घ्यायला लागते. थंडीत बॅटरी पहिली दगा देते. आणि ओढा ओलांडून गाडी रात्री बाहेर उभी केली की सकाळी ब्रेक आणि थ्रॉटलची (रेसची) केबल गोठलेली मिळते, हे इथं सगळ्यांना माहितीय पण नवीन माणसाला कोण सांगत नाय. थ्रॉटल उघडा राहून गोठला तर गाडी थांबणार नाय, म्हणून चालू करायच्या आधी अंगठ्यानं दाबून बघायचा, सोडल्यावर झटकन परत आला पायजे.

साताऱ्यातनं पिकअपमधी टाकून हिमाचलला न्यायची आणि आरसी नसलेली गाडी तिथं उतरवायची, त्यापेक्षा तिथं जाऊन भाड्यानं तासभर चालवा की. रोहतांगला जायला तर नंबरवाल्या गाडीला पण परमिट लागतं.

काळं रान वाळवा:
पटलं बर्फाचं. पण मी अजून म्हणतो मिनी ट्रॅक्टर बघा, नांगरट पण होईल. एटीव्ही घेतली म्हणजे पोरं पळवायलाच बघणार, आमच्या भावकीत एकाची पोरं शेतावर कमी आणि गावात जास्त दिसतात तिच्यावर.

मोरणाकाठ:
जाऊन आलो. मेस्त्री म्हणाले तसं सकाळी गेलो, सायलेन्सर गार होता, रिसॉर्टचा माणूस पण बरा होता, उघडून दाखवायला नाय म्हणाला नाय. आरसी आहे, ट्रॅक्टरवालीच आहे, चेसिस नंबर जुळला. एअरबॉक्स स्वच्छ, पलीकडं बोट फिरवलं काय लागलं नाय. पंखा लागला. तास-किलोमीटरचा भागाकार केला तर सात येतोय. बेल्ट एका बाजूनं चकाकतोय, सुटताना थोडी धडधडते. इंजिनचं तेल काळं पण बरं, मागचं पण बरं. पुढच्या डिफरन्शियलचा प्लग उघडला तर तुम्ही म्हणाला तसला चहाच. तो म्हणतो पावसात उभी होती म्हणून. डाव्या पुढच्या चाकाला खेळ आहे. तो आता तीन वर आलाय. सोडू का?

तासगावचा मेस्त्री:
सोडायची नाय लगेच. एअरबॉक्स कोरडा आणि इंजिनचं तेल बरं आहे म्हणजे पूर्ण बुडलेली नाय, पुढनं पाण्यात घातलीय फक्त. डिफरन्शियलचं तेल बदलून थोडी फिरवायची, परत काढायचं, परत बदलायचं, आणि काढलेल्या तेलात चुंबक फिरवायचा. नुसती करडी पावडर चिकटली तर चालतंय, लोखंडाचे तुकडे आले तर गियर गेले, मग हात जोडायचे. ते त्याच्या दारात, त्याच्या खर्चानं करायला लावा, त्याला विकायची असली तर करेल.

आणि पुढची चाकं ओढतात का ते बघितलं का? हिच्यात मागचं चाक घसरल्याशिवाय पुढचं लागतच नाय, त्यामुळं सिमेंटवर काय कळत नाय. ओल्या मातीच्या चढावर ऑल व्हील (चारी चाकं ओढायची सोय) टाकून रेस द्या, मागनं माती उडली की पुढची दोन्ही चाकं ओढायला लागली पायजेत. आत पाणी गेलेल्या हौसिंगमधी हेच पहिलं बिघडतं आणि तुमच्या ओढ्याच्या चढाला तेच लागणार.

बेल्ट, क्लच, चाकाचं बेरिंग आणि बॉल जॉइंट असं सगळं धरून पार्टवाल्याकडनं भाव लिहून घ्या आणि ती रक्कम तीनातनं वजा करून बोला. पुढची चाकं ओढली नाय तर अडीचला पण नको.

सज्जनगडाखाली:
आरसी नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको. आणि रिसॉर्टच्या नावावर गाडी असली तर कंपनी आहे का भागीदारी ते बघ, सही कोणाची चालते ते आरटीओत आधी विचार. बँकेचा बोजा आरसीवर चढवलेला असला तर एनओसी पण लागंल.

मोरणाकाठ:
बोजा दिसत नाय आरसीवर. मातीच्या चढावरची टेस्ट बाकी आहे, त्याच्याकडं सगळं पेव्हर ब्लॉक टाकलेलं आहे. म्हटलं खाली रानात न्यूया तर उद्या ये म्हणाला. मेस्त्री, तुमचं येणं-जाणं वाईकडं असतं का? डिझेल आणि जेवण माझ्याकडं.

तासगावचा मेस्त्री:
रविवारी येतो, सोमवारी बेदाण्याच्या सौद्याची गडबड असते गावात. चुंबक मी आणतो, तेल तुम्ही घेऊन ठेवा, पुढच्या डिफरन्शियलला कंपनी सांगते तेच, इंजिन ऑइल ओतून ठेवू नका म्हणावं त्याला तोपर्यंत.